नॉर्थ कॅरोलायनात मतं जवळजवळ निम्मी-निम्मी, मग खासदार १०-४ कसे?

तुम्ही विचारलंय की २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात डेमोक्रॅट पक्षाचे जॉश स्टीन गव्हर्नर झाले, तर त्याच दिवशी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या १४ पैकी १० जागा रिपब्लिकनांना कशा गेल्या, मतमोजणीत काही गडबड झाली का.

मोजणी ठीक झाली. जे व्हायचं ते वर्षभर आधी, मतदारसंघांचा नकाशा ठरला तेव्हाच झालं होतं. मी याच राज्यात मतदान करतो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

गव्हर्नरच्या निकालावरून अंदाज बांधू नका. स्टीन यांच्यासमोरचे मार्क रॉबिन्सन इतक्या वादात अडकले होते की नेहमीचे रिपब्लिकन मतदारही त्यांच्यापासून दूर गेले. अध्यक्षपदाची मतं पाहिलेली बरी: ट्रम्प साधारण ५१ टक्के, हॅरिस ४८. म्हणजे राज्य रिपब्लिकनांकडे जरासं झुकलेलं. ८-६ निकाल लागला असता तर कुणी भुवई उंचावली नसती.

पण मतं आणि जागा यांचा मेळ बसला नाही, एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही. २०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुतीची मतं जवळपास सारखी होती, तरी जागा ३० आणि १७ अशा पडल्या. ज्याला जास्त मतं तो विजयी, या पद्धतीत असं होतं. तिथला नकाशा पुनर्रचना आयोगाने बऱ्याच वर्षांपूर्वी आखलेला, निवडणूक लढवणाऱ्या पक्षाने नव्हे. नॉर्थ कॅरोलायनात तो राज्याचं विधिमंडळ, म्हणजे तिथला बहुमतातला पक्ष आखतो, आणि गव्हर्नरला त्यावर नकाराधिकार नाही. स्टीन कितीही मतांनी जिंकले तरी या बाबतीत त्यांचे हात बांधलेलेच.

खरा पुरावा मागच्या पंधरा वर्षांच्या निकालांत आहे. २०१० मध्ये १३ पैकी ७ जागा डेमोक्रॅटांकडे होत्या. त्याच निवडणुकीत विधिमंडळाची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांनी जिंकली आणि नवा नकाशा आखला. २०१२ मध्ये राज्यभरात डेमोक्रॅट उमेदवारांना एकूण मतं जास्त पडली, तरी जागा मिळाल्या ४, रिपब्लिकनांना ९. दोन मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून न्यायालयाने तो नकाशा फेटाळला, तेव्हा २०१६ मध्ये डेव्हिड लुइस या आमदारांनी समितीत उघडच सांगितलं की नकाशा १० रिपब्लिकन, ३ डेमोक्रॅट असा काढू या, कारण ११-२ काढणं शक्य आहे असं त्यांना वाटत नव्हतं. निकाल लागला १०-३. मला या वाक्याचा आजही संताप येतो. मतदान व्हायच्या कितीतरी महिने आधी निकाल बैठकीत सांगितला गेला आणि तसाच लागला.

हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय आला की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा निवाडा करणं संघराज्याच्या न्यायालयांचं काम नाही. मग राज्याच्या न्यायालयांत लढाई झाली. २०२० मध्ये सुधारित नकाशावर रिपब्लिकन ८, डेमोक्रॅट ५, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञांकडून करून घेतलेल्या नकाशावर (तोवर राज्याच्या जागा १३च्या १४ झाल्या होत्या) बरोबर ७-७. त्याच २०२२च्या निवडणुकीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात रिपब्लिकन न्यायमूर्तींचं बहुमत झालं (इथे न्यायमूर्तीही पक्षाच्या नावावर निवडून येतात), पुढच्या वसंतात न्यायालयाने, पक्षीय फायद्याचे नकाशे राज्यघटनेविरुद्ध आहेत हा आपलाच आधीचा निर्णय फिरवला, विधिमंडळाने पुन्हा नकाशा आखला आणि २०२४ मध्ये १०-४. दोन वर्षांत लोक एवढे बदलले नव्हते.

करतात कसं, ते २०२४चे आकडे सांगतात. दुसऱ्या, चौथ्या आणि बाराव्या मतदारसंघात डेमोक्रॅट दोनतृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून जास्त मतं घेऊन जिंकले. रॅले, डरहम, शार्लट या शहरांमधली त्यांची मतं तिथे गच्च कोंबलेली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. उलट रिपब्लिकन विजेते बहुतेक ठिकाणी ५५ ते ६० टक्क्यांवर: निर्धास्त राहता येईल इतकी आघाडी, आणि फारच थोडी मतं वाया. ग्रीन्सबरो शहर ज्या गिलफर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे तिचे तीन तुकडे करून आजूबाजूच्या ग्रामीण भागाला जोडले. सहाव्या मतदारसंघात तर डेमोक्रॅटांनी उमेदवारच दिला नाही. म्हणून राज्यभरातल्या मतांची नुसती बेरीज करून तुलना केलीत तर फसाल. जिथे एका पक्षाचा उमेदवारच नाही तिथली बेरीज काही सांगत नाही.

चौदाव्या मतदारसंघाची हकीकत मला सगळ्यात जास्त लागते. तिथले डेमोक्रॅट खासदार जेफ जॅक्सन यांचा मतदारसंघ नव्या नकाशाने मोडून टाकला, म्हणून ते महाधिवक्तापदाला उभे राहिले आणि जिंकले. नव्या चौदाव्यातून प्रतिनिधीगृहात गेले ते टिम मूर, जे हा नकाशा मंजूर झाला तेव्हा राज्याच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष होते.

डेमोक्रॅट सत्तेत असताना धुतल्या तांदळासारखे होते असं नाही. १९९२चा बारावा मतदारसंघ, महामार्ग ८५ला चिकटून सापासारखा पसरलेला, त्यांच्याच विधिमंडळाने आखला होता आणि तोही सर्वोच्च न्यायालयात गाजला. इलिनॉयमध्ये आजही त्यांचा नकाशा तसाच एकतर्फी आहे. तिथल्या रिपब्लिकन मतदाराची तक्रार मला माझ्याइतकीच खरी वाटते.

आता चौथी डेमोक्रॅट जागा, म्हणजे ईशान्येकडचा पहिला मतदारसंघ. डॉन डेव्हिस तिथे २०२४ मध्ये दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने टिकले. १९९२ पासून तिथून सलग कृष्णवर्णीय खासदार निवडून आले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विधिमंडळाने तोही बदलला: किनाऱ्यालगतच्या रिपब्लिकन काउंट्या त्यात घातल्या, आणि हेतू ११-३ करण्याचा आहे हे लपवलंही नाही. २०२६चे निकाल वाचताना त्या मतदारसंघातले आकडे २०२४च्या आकड्यांशेजारी ठेवू नका, जुन्या आणि नव्या हद्दीतल्या काउंट्या आधी वेगळ्या काढा.