‘जिनिंग’मधल्या ‘जिन’चा दारूशी काही संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत ‘टू जिन’ असं क्रियापद खरंच आहे का, आणि कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतल्या ‘जिन’चं दारूच्या जिनशी काही नातं आहे का. क्रियापद आहे. नातं नाही.

मी धरणगावकडचा. हंगामात वडील जिनवर कामाला जायचे. "कोठे जाई राह्यना भो?" "जिनवर." दिवाळीनंतर गावात हेच ऐकू यायचं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा रुईने पांढऱ्या झालेल्या असायच्या. नववीत मी निबंधात लिहिलं, ‘माय फादर वर्क्स ॲट द जिन.’ सरांनी लाल पेनाने गोल केला आणि वर्गाला वाचून दाखवलं, "याचे वडील गुत्त्यावर असतात!" पोरं आठवडाभर हसत होती.

तर ‘टू जिन’ म्हणजे कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढणे. जिन होतो तो कापूस, सरकी नव्हे. ‘जिन्ड कॉटन’ म्हणजे आपली रुई. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 36 किलो रुई निघते, तो उतारा. बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. पुढे रुई दाबून 170 किलोची गाठ बांधतात, पण ते प्रेसिंग. त्याला ‘जिन’ लावू नका.

शब्द आला ‘एंजिन’वरून, पुढचा ‘एं’ गळून. मूळ लॅटिन ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमध्ये त्याची युक्ती झाली, मग युक्तीने केलेलं साधन. इंग्रजीत सापळ्यालाही ‘जिन’ म्हणत. आपल्या ‘कळ’चं तरी वेगळं काय आहे? कळ म्हणजे युक्ती आणि यंत्राची कळही. अमेरिकेत एली व्हिटनीने 1793 मध्ये तारेच्या दात्यांचं ‘कॉटन जिन’ केलं, 1794 मध्ये पेटंट मिळवलं आणि हा शब्द कापसाला कायमचा चिकटला. (सरकी काढायची दोन लाटांची (रुळांची) हातचरखी आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती, पण पेटंट कोण घेणार! आजही आपल्याकडच्या बहुतेक जिनांत डबल रोलरच चालतात.)

दारूची जिन डच ‘जेनेव्हर’वरून आली, म्हणजे ज्युनिपरच्या फळांवरून. बाटलीतून निघणारा जिन अरबी. तिघांची फक्त नावं सारखी.

आता माझ्या निबंधाचं. अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात अख्ख्या कारखान्यालाच ‘द जिन’ म्हणतात, शेतकरी माल ‘टू द जिन’ नेतो. म्हणजे माझं वाक्य बरोबर होतं, आणि वडिलांचं ‘जिनवर’सुद्धा. तरी तुम्ही परीक्षेत ‘ॲट अ जिनिंग फॅक्टरी’ असंच लिहा. पेपर कोणत्या सरांकडे जाईल, काय सांगावं.