११२ (आपत्कालीन मदतीचा नंबर) च्या डिस्पॅच डेटाबेससाठी, म्हणजे आलेले कॉल आणि पाठवलेल्या गाड्या यांच्या नोंदींसाठी, डिस्क घेताय?
आधी टेराबाइट मोजत बसू नका. कॉलच्या नोंदी म्हणजे मजकूर, त्याला जागा किती लागणार? जागा खातं ते ध्वनिमुद्रण, आणि ते डेटाबेसच्या डिस्कवर ठेवायचंच नाही. (मी ठेवलं होतं. डिस्क भरली, नोंदी थांबल्या.)

खरा प्रश्न लिहिण्याच्या वेगाचा. गाड्यांचं जीपीएस सतत येत असतं, सगळी बारीक लिखाणं. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून, एखादी बिघडली तरी डेटा टिकवायची पद्धत. रेड ५ मध्ये अशा एका लिखाणामागे डिस्कवर ४ कामं होतात, रेड १० मध्ये २. १० मध्ये सगळं दोन डिस्कवर लिहिलं जातं म्हणून निम्मी जागा जाते, जाऊ द्या, १०च घ्या.

- ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही) वेगळ्या डिस्कवर.
- रेड म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि अधूनमधून त्यातून डेटा रिस्टोअर करून बघा, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून.

रेप्लिकेशनचं (दुसऱ्या सर्व्हरवर सतत प्रत ठेवण्याचं) सध्या राहू द्या.