वाचकांचे प्रश्न : चॅनल वेगळे, तरी व्यत्यय का?

बिनतारी जाळ्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण त्या सर्वांच्या मुळाशी एकच समज आहे : दोन जाळ्यांच्या वाहक लहरींची वारंवारता वेगळी केली की त्यांचा एकमेकांना होणारा त्रास संपतो. वारंवारता वेगळी करणे हा उपाय योग्यच आहे. पण ती किती वेगळी, कोणत्या अंतरावर आणि कोणत्या रिसीव्हरसाठी, हे पाहिल्याशिवाय तो लागू पडेलच असे नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीतील बहुतेक वाय-फाय जाळी १, ६ आणि ११ या चॅनलवर आहेत. मोबाइलवरील ॲपमध्ये ३ क्रमांकाचे चॅनल पूर्ण मोकळे दिसले, म्हणून राउटर त्यावर लावला. वेग वाढण्याऐवजी घटला. असे का व्हावे?

उत्तर : ॲपमध्ये जे मोकळे दिसते ते केवळ चॅनलचे मध्यस्थान असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारशेजारच्या चॅनलांच्या मध्यांमध्ये फक्त ५ मेगाहर्ट्झचे अंतर आहे, तर वाय-फायचा संदेश निदान २० मेगाहर्ट्झ रुंदी व्यापतो. ३ क्रमांकाच्या चॅनलचा मध्य २४२२ मेगाहर्ट्झवर येतो, म्हणजे तुमचा संदेश २४१२ ते २४३२ पर्यंत पसरतो. चॅनल १ हे २४२२ पर्यंत येते आणि चॅनल ६ हे २४२७ पासून सुरू होते. अर्थात तुम्ही मोकळ्या जागेत गेला नाहीत, तर दोन्ही शेजाऱ्यांच्या हद्दीत एकाच वेळी पाय ठेवलात.

यात कळीची गोष्ट अशी की अर्धवट एकमेकांवर येणारी चॅनले ही एकाच चॅनलवर राहण्यापेक्षा बहुधा अधिक वाईट ठरतात. वाय-फायचे प्रत्येक उपकरण पाठवण्याआधी ऐकते. त्याच चॅनलवरच्या दुसऱ्या जाळ्याचा संदेश आला, तर तो उणे ८२ डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेत ताकद सांगणारे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका संदेश क्षीण) इतका क्षीण असला तरी उपकरणाला त्याची सुरुवातीची खूण ओळखता येते, संदेश किती वेळ चालणार हे वाचता येते, आणि तेवढा वेळ ते थांबते. यात वेळेची वाटणी होते, वेग कमी होतो. पण संदेश शाबूत राहतात. याउलट शेजारच्या चॅनलवरचा संदेश तिरकस आलेला असल्यामुळे त्याची खूण वाचता येत नाही, तो निव्वळ गोंगाट म्हणून कळतो, आणि गोंगाटासाठी थांबण्याची मर्यादा उणे ६२ डीबीएम आहे. या दोन मर्यादांमध्ये २० डेसिबलचा, म्हणजे शंभर पटींचा फरक आहे. त्या दोहोंच्या मधल्या ताकदीचा कोणताही शेजारी तुमच्या राउटरला अडवत नाही. दोघे एकाच वेळी बोलतात, संदेश खराब होतात, ते पुन्हा पाठवावे लागतात, आणि त्रास शेजाऱ्यालाही तितकाच होतो.

म्हणून १, ६ आणि ११ यांपैकीच एक निवडावे. ते निवडताना कोणत्या चॅनलवर किती जाळी आहेत एवढेच न मोजता, कोणत्या चॅनलवरची जाळी तुमच्याकडे सर्वांत क्षीण पोहोचतात आणि कोणती सतत वापरात असतात, हे पाहावे. दिवसभर शांत पडून असलेल्या चार राउटरांपेक्षा अखंड चित्रफिती वाहून नेणारा एक राउटर अधिक वेळ खातो. काही जाणकार १, ५, ९, १३ अशी चार चॅनलांची मांडणी सुचवतात. जिथे १३ क्रमांकाला परवानगी आहे आणि संपूर्ण परिसराचे नियोजन एकाच व्यक्तीच्या हाती आहे तिथे ती मांडणी चालते. परंतु आजूबाजूचे सारे १-६-११ वर असताना तुम्ही एकट्याने ५ किंवा ९ निवडणे म्हणजे ३ निवडण्यासारखेच आहे.

प्रश्न : कार्यालयात दोन स्वतंत्र जाळी आहेत. त्यांचे ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारी उपकरणे) एकाच भिंतीवर, साधारण एक मीटर अंतरावर बसवले असून एक चॅनल १ वर आणि दुसरा ६ वर आहे. ही चॅनले एकमेकांवर येत नाहीत, तरीही एकावर भार वाढला की दुसरे मंदावते. उपकरणात दोष आहे का?

उत्तर : दोष बसवण्याच्या जागेत आहे. कोणताही प्रक्षेपक आपली सर्व ऊर्जा ठरलेल्या रुंदीत कोंडून ठेवू शकत नाही. थोडी ऊर्जा दोन्ही बाजूंना सांडते. २० मेगाहर्ट्झच्या वाय-फाय संदेशासाठी मानकाची किमान अट अशी आहे की मध्यापासून २० मेगाहर्ट्झवर ही सांड २८ डेसिबलने आणि ३० मेगाहर्ट्झवर ४० डेसिबलने खाली असावी. चांगली उपकरणे याहून सरस असतात, तरी हिशेबासाठी ३० डेसिबल धरू. १०० मिलीवॅटचा संदेश मोकळ्या जागेत एक मीटरवर सुमारे उणे २० डीबीएम इतका उरतो, म्हणजे शेजारच्या चॅनलमध्ये त्याची सांड उणे ५० डीबीएमच्या आसपास पोहोचते. दालनाच्या दुसऱ्या टोकाच्या लॅपटॉपचा संदेश मात्र उणे ६५ डीबीएमवर येत असतो. सांड त्याच्या सुमारे तीस पट भरते! ॲक्सेस पॉइंट एकतर तिला गोंगाट समजून थांबतो किंवा लॅपटॉपचे म्हणणे त्याला ऐकूच येत नाही.

वेग आधी का पडतो, याचेही उत्तर इथेच आहे. जुन्या ५४ मेगाबिटच्या मानकात सर्वांत संथ, ६ मेगाबिटच्या गतीला शेजारच्या चॅनलवरचा १६ डेसिबलने अधिक बलवान संदेश सहन करण्याची अट आहे. सर्वांत वेगवान गतीला मात्र तो स्वतःहून १ डेसिबलने क्षीण असला तरच काम जमावे अशी अपेक्षा आहे. संदेश जितका दाटीने भरलेला, तितका तो नाजूक.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ६ डेसिबल घटतात. एका मीटरचे आठ मीटर केले तर १८ डेसिबलचा लाभ होतो, आणि मध्ये भिंत आली तर आणखी. तेवढी जागा नसेल तर एक जाळे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हलवावे. दोन्ही जाळी एकाच संस्थेची असतील तर एकाच ॲक्सेस पॉइंटवर दोन नावांनी ती चालवता येतात का, हेही विचारून पाहावे. मला तो मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : राउटरची शक्ती वाढवली तर शेजाऱ्यांच्या जाळ्यावर मात करता येईल का?

उत्तर : नाही. राउटरचा आवाज वाढला तरी मोबाइलचा वाढत नाही, त्यामुळे उत्तर तितकेच क्षीण येते. शेजाऱ्यानेही तसेच केले तर दोघांचा गोंगाट वाढतो आणि मिळत काहीच नाही.

प्रश्न : ५ गिगाहर्ट्झमध्ये ८० की १६० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवावी? अधिक रुंदी म्हणजे अधिक वेग, हे खरे ना?

उत्तर : एकटे असाल तर खरे. या पट्ट्यात देशोदेशीच्या नियमांनुसार २० मेगाहर्ट्झची वीसच्या आसपास चॅनले मिळतात. १६० मेगाहर्ट्झचे एक जाळे त्यांतील आठ व्यापते. मग शेजाऱ्यांना वेगळी वारंवारता द्यायची तर ती आणायची कुठून? शिवाय रुंदी दुप्पट केली की रिसीव्हरमध्ये शिरणारा मूळचा गोंगाटही ३ डेसिबलने वाढतो. दाट वस्तीत ४० मेगाहर्ट्झ, आणि मोठ्या सभागृहात २० मेगाहर्ट्झ ठेवणे मी पसंत करेन. २.४ गिगाहर्ट्झमध्ये तर २० च्या पुढे जाऊच नये, कारण तो अख्खा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे.

५ गिगाहर्ट्झमधील बरीच चॅनले रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. त्यांवर राउटरला आधी निदान ६० सेकंद ऐकावे लागते आणि रडार आढळले तर चॅनल सोडून अर्धा तास परत येता येत नाही. यामुळे अनेक जण ती टाळतात; परंतु नेमक्या याच कारणाने ती पुष्कळदा रिकामी असतात. जवळपास विमानतळ किंवा हवामान रडार नसेल तर ती जरूर वापरून पाहावीत.

प्रश्न : मोबाइल कंपन्यांना तर लगतच्याच वारंवारता मिळतात. त्यांची जाळी एकमेकांना त्रास कशी देत नाहीत?

उत्तर : त्रास होतोच, तो सोसण्याजोगा राहावा इतके नियोजन केलेले असते. एलटीईच्या (म्हणजे ४जीच्या) मानकानुसार मनोऱ्याची लगतच्या वाहक लहरीत होणारी सांड साधारण ४५ डेसिबलने खाली असावी लागते, तर मोबाइलच्या रिसीव्हरने लगतची लहर ३३ डेसिबलने दाबणे पुरेसे मानले जाते. दोन्हींचा एकत्र परिणाम ३३ च्याही किंचित खाली येतो. मनोऱ्यावर कितीही महागडा फिल्टर बसवला, तरी मर्यादा मोबाइलच ठरवतो. म्हणून ग्राहक आपल्या कंपनीच्या मनोऱ्यापासून दूर आणि लगतच्या कंपनीच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी असला की संपर्क तुटू शकतो. दोन्ही कंपन्यांनी एकाच मनोऱ्यावर अँटेना लावल्या तर दोघांचे संदेश बहुतेक ठिकाणी सारख्याच प्रमाणात क्षीण होतात आणि हा प्रश्न बराच सुटतो.

पाठवणे आणि ऐकणे एकाच लहरीवर आळीपाळीने चालते, तिथे वेळही जुळवावी लागते. एका कंपनीचा मनोरा दहा-वीस वॅटने बोलत असताना समोरचा मनोरा ०.२ वॅटच्या मोबाइलला ऐकत असेल, तर दोन उंच अँटेनांमध्ये अडथळा नसल्याने सांड थेट पोहोचते. यासाठी मनोऱ्यांची घड्याळे उपग्रहांवरून जुळवतात, एकमेकांच्या कक्षेत येणाऱ्या मनोऱ्यांच्या आरंभातील फरक ३ मायक्रोसेकंदांच्या आत ठेवतात आणि पाठवण्या-ऐकण्याचा क्रमही सारखा ठेवतात. वेगळा क्रम हवा असेल तर मध्ये मोकळा पट्टा सोडावा लागतो, आणि तेवढी वारंवारता वाया जाते.

केवळ मोकळा पट्टा पुरत नाही, हे अमेरिकेत दिसले. तिथे २०२२ च्या जानेवारीत ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ५जी सेवा सुरू झाली. विमानांचे रेडिओ उंचीमापक ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे मध्ये २२० मेगाहर्ट्झची जागा होती. तरीही जुन्या उंचीमापकांचे रिसीव्हर आपल्या हद्दीबाहेरचे पुरेसे अडवत नसल्याने सेवेवर विमानतळांभोवती मर्यादा आल्या आणि अनेक विमानांत फिल्टर बसवावे लागले किंवा उंचीमापक बदलावे लागले.

प्रश्न : घरातील झिगबीचे सेन्सर अधूनमधून गायब होतात. वाय-फाय चॅनल ११ वर आहे.

उत्तर : झिगबी ही घरगुती सेन्सरांसाठीची कमी शक्तीची बिनतारी पद्धत २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालते. तिची चॅनले केवळ २ मेगाहर्ट्झ रुंद असून ११ ते २६ अशी मोजली जातात, त्यांचा वाय-फायच्या क्रमांकांशी संबंध नाही. वाय-फायचे चॅनल ११ हे २४७२ मेगाहर्ट्झला संपते. झिगबीचे २५ हे २४७५ वर असल्याने बाहेर राहते, मात्र शेजारी कोणी वाय-फायचे १३ वापरत नाही ना, हे पाहावे. २६ आणखी दूर आहे. पण काही उपकरणे त्यावर कमी शक्तीने पाठवतात. झिगबीचा हब (सेन्सरांना जोडणारे मध्यवर्ती उपकरण) राउटरला खेटून ठेवला असेल तर चॅनल बदलण्याआधी तो निदान दोन-तीन मीटर दूर हलवावा.