प्रार्थनेला बसते आणि त्यांचेच शब्द ऐकू येतात

प्रिय मावशी,
बाप्तिस्मा घेतल्यापासून मोठा भाऊ माझ्याशी बोलत नाही. ऑफिसात माझ्या विश्वासावरून टोमणे चालतात, ग्रुपवर माझ्याकडे रोख ठेवून मेसेज टाकतात. सोसायची तयारी आहे. पण प्रार्थनेला बसले की त्यांचेच शब्द डोक्यात फिरतात आणि मी मनातल्या मनात उत्तरं रचत बसते. बायबल उघडते तेही त्यांना गप्प करणारं वचन शोधायला. माझा विश्वास कमी पडतोय का? आणि पुढच्या आठवड्यात भाच्याचा वाढदिवस आहे, वहिनीने बोलावलंय. जाऊ का?
– एक विश्वासणारी

प्रिय मुली,
प्रभूच्या नावात सलाम.

विश्वास कमी पडला असता, तर प्रार्थनेत लक्ष लागत नाही याचं तुला इतकं दुःख झालंच नसतं. तुला लागलंय, आणि लागलेल्या जागी हात पुन्हा पुन्हा जातो. पण एक गोष्ट तू स्वतःच अचूक ओळखली आहेस. गुडघे देवापुढे टेकलेले असतात आणि बोलणं मात्र त्या माणसांशी चाललेलं असतं. ते बोलणं देवाकडे कसं वळवायचं, एवढंच बघूया.

यहूदा राज्याच्या हिज्कीया राजाची गोष्ट बायबलमध्ये पुन्हा वाच, 2 राजे अध्याय 19. इ.स.पू. 701 च्या सुमारास अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. नगरामागून नगर पडलं, लाखीश पडलं. हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, अशी फुशारकी सन्हेरीबाने स्वतःच्या शिलालेखात कोरून ठेवली आहे. म्हणजे संकट खरंच होतं, मनाचे खेळ नव्हते. त्यात सन्हेरीबाचं पत्र आलं. तू ज्या देवावर भरवसा ठेवतोस त्याच्याकडून फसू नकोस, असा त्यातला सूर. तुला रोज जे ऐकावं लागतं ते याहून फार वेगळं आहे का?

हिज्कीयाने ते पत्र वाचलं, घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उघडून पसरलं. मग त्याने प्रार्थनेला सुरुवात कुठून केली ते बघ. सन्हेरीबापासून केली नाही. आधी देव कोण आहे ते बोलला: तूच पृथ्वीवरच्या सर्व राज्यांचा देव, तूच आकाश आणि पृथ्वी निर्माण केलीस. त्यानंतर ते शब्द देवाच्या कानावर घातले. अश्शूरच्या राजांनी खरोखरच राष्ट्रं उद्ध्वस्त केली आहेत, हेही कबूल केलं. आणि शेवटी मागणं, तेसुद्धा सगळ्या राज्यांना देवाची ओळख पटावी म्हणून. मला त्याची ही कबुली फार मोलाची वाटते. विश्वास ठेवायचा म्हणून त्याने धोका लहान करून सांगितला नाही.

तूही तसंच कर. तो मेसेज, ते वाक्य, जसंच्या तसं कागदावर लिही. प्रार्थनेआधी एखादं स्तोत्र मोठ्याने वाच, त्यात देवाविषयी जे असेल तेच आधी बोल. मग कागद पुढे ठेवून एकदाच वाचून दाखव. "प्रभू, हे मला म्हणाले. मला लागलं." एवढंच. उत्तरं रचायला लागलीस असं लक्षात आलं की स्वतःला रागावू नकोस, तेच उत्तर त्याला सांग आणि पुन्हा स्तोत्राकडे ये. सुरुवातीला हे दहा वेळा करावं लागेल. लागू दे.

आणि हे एकटीने करू नकोस. हिज्कीयाने यशया संदेष्ट्याकडे माणसं पाठवून आमच्यासाठी प्रार्थना कर असं सांगितलं होतं. मंडळीत तुझ्यासारखीच घरातून एकटी विश्वासात आलेली कुणी असेल, तिच्याकडे जा.

आता ऑफिस. ग्रुपवर कामाचं काही नसेल तर सरळ बाहेर पड. नहेम्या यरुशलेमेची पडलेली भिंत बांधत होता, तेव्हा त्याचे विरोधक सन्बल्लट आणि गेशेम यांनी त्याला भेटीला ये म्हणून चार वेळा निरोप धाडला. चारही वेळा त्याने एकच उत्तर दिलं की मी मोठ्या कामात आहे, मला येता येत नाही. आणि 52 दिवसांत भिंत पुरी केली. प्रत्येक टोमण्याला नवं उत्तर शोधायला तू बांधील नाहीस. मात्र टोमण्यांच्या पुढे जाऊन कुणी तुझ्या कामावर, नोकरीवर उठलं, तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार कर. तो अविश्वास नव्हे. नहेम्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. पौलाने फिलिप्पैच्या तुरुंगात स्तोत्रं गायली आणि सकाळी आपलं रोमी नागरिकत्वही ठणकावून सांगितलं.

एक तपासणी मात्र कर, आणि माझ्यावर रुसू नकोस. पेत्र त्याच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती म्हणून सोसणं आणि दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केल्यामुळे सोसणं, यांत फरक करतो. सहकाऱ्यांच्या श्रद्धेविषयी तुझ्या तोंडून कधी बोचरं काही गेलं असेल, तर जाऊन माफी माग. तेवढ्याने ख्रिस्ताची साक्ष कमी होत नाही.

भावाचं दुःख वेगळं आहे. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तू तर माझा जवळचा, असं 55 व्या स्तोत्रात दावीद रडतो. ते स्तोत्र तुझं म्हणून वाच. येशूच्या घरच्यांनाही त्याचं भान सुटलंय असं वाटलं होतं, आणि त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असं योहान स्पष्ट लिहितो. पुढे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात तेच भाऊ माडीवर प्रार्थना करताना दिसतात. मधल्या काळात येशूने त्यांना टाकलं नव्हतं. तुझ्या भावाचं काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण दार तुझ्या बाजूने उघडं राहू दे.

तेव्हा वाढदिवसाला जा. भाच्यासाठी त्याच्या आवडीचं काही घेऊन जा, वहिनीला कामात हात लाव. दादा बोलला नाही तरी तू "दादा, कसा आहेस?" म्हण. कुणी खरंच जाणून घ्यायला प्रश्न विचारला तर पेत्र सांगतो तसं सौम्यपणे, आदराने उत्तर दे. कुणी डिवचलं तर पोरांमध्ये जाऊन बस. आणि निघण्याआधी घरी थोडा वेळ दादाचं नाव घेऊन प्रार्थना कर. त्याने बदलावं म्हणून नंतर माग, आधी त्याच्या भल्यासाठी माग.

तुझी,
मावशी