ब्रॅम्प्टनचं तिकीट काढण्याआधी

चाकणला सहा वर्षं डिस्पॅच सुपरवायझर आहात आणि कॅनडात याच कामाला कुठल्या भागात वाव आहे, असं विचारलंत. आधी एक आकडा पाठ करा : 12013. मालपुरवठा (सप्लाय चेन) आणि शेड्यूलिंगचे सुपरवायझर कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीत या कोडखाली येतात. दर्जा टीअर 2 (टीअर म्हणजे कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पायरी), म्हणजे एक्सप्रेस एन्ट्रीला, गुणांवर कायम वास्तव्य देणाऱ्या सरकारी योजनेला, चालतो. माल चढवून-उतरवून घेणारा शिपर-रिसीव्हर 14400 मध्ये पडतो. तो टीअर 4, तो अनुभव तिथे धरतच नाहीत.

हे सोसून सांगतोय. न्हावा शेवाला माझ्या हाताखाली बारा माणसं होती. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला आलो आणि पहिलं वर्ष गोदामात स्कॅनर घेऊन पॅलेट मोजले. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, आधीच हातात होतं म्हणून निभावलं. वर्क परमिटवर असतो तर एक्सप्रेस एन्ट्रीच्या हिशेबात ते वर्ष शून्य. तेव्हा अनुभवपत्रात किती जणांच्या शिफ्ट लावता, गाड्यांचं वेळापत्रक कोण ठरवतं, सगळं लिहून घ्या. एचआरवाले दोन ओळींत उरकतात, पिच्छा सोडू नका.

आता भागांचं. ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाला गोदामं खच्चून आहेत. पिअर्सन विमानतळ, 401 महामार्ग, सीएन या रेल्वे कंपनीचं कंटेनर यार्ड, सगळं हाकेच्या अंतरावर. पण आपली अर्धी मंडळीही इथेच उतरतात, आणि भाडं कंबर मोडतं. मी आज आलो असतो तर कॅल्गरी किंवा विनिपेग धरलं असतं. कॅल्गरीच्या उत्तरेला बाल्झॅकला मोठमोठी गोदामं आहेत, शिवाय अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही. विनिपेगला सेंटरपोर्ट हे 20,000 एकरांचं इनलँड पोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूरचं मालवाहतूक केंद्र, आहे. थंडी उणे 30 पर्यंत जाते, बायकोला आधीच सांगून ठेवा. कंटेनरचं काम केलं असेल तर व्हँकुव्हर, देशातलं सगळ्यात मोठं बंदर. माँट्रियल फ्रेंचशिवाय नको.

सरकारच्या जॉब बँकेवर 12013 टाकलंत की प्रांतवार, भागवार पुढच्या तीन वर्षांचा अंदाज दिसतो. तिथला ‘संधी चांगली’ हा शेरा नवख्याला दार उघडेलच असं नाही. सोबत त्या भागातल्या जाहिराती वाचा, इथला अनुभव कितीजण मागतात ते मोजा.

आणि हो, 25 मार्च 2025 पासून एक्सप्रेस एन्ट्रीत नोकरीच्या ऑफरचे जादा गुण बंद झालेत. गुण वाढवून देतो म्हणून कुणी एजंट ऑफर विकायला आला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. अनुभवपत्राचा मसुदा झाला की पाठवा, कामांची यादी कोडशी जुळते का ते बघून देतो.