दुहेरीत करिअर होतं, पण एकेरी आत्ताच सोडू नका

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगा 17 वर्षांचा, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) ज्युनिअर स्पर्धा खेळतो. एकेरीत पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गाडी अडते, पण दुहेरीत गेल्या वर्षभरात त्याने दोनदा अंतिम फेरी गाठली. प्रशिक्षक म्हणतात, एकेरी सोडा, याला डबल्स स्पेशालिस्ट करू या. त्याचे बाबा म्हणतात, दुहेरीवर पोट भरत नाही, आता अभ्यासाकडे बघ. आणि तुम्ही विचारता, असं करिअर खरंच असतं का, की एकेरी न जमणाऱ्यांची ती फक्त सोय आहे?

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो तुमच्या मुलालाही आतून खात असणार. बॉब आणि माइक ब्रायन या जुळ्या भावांनी मिळून 119 विजेतेपदं जिंकली, त्यातली 16 ग्रँडस्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली. एकेरीत बॉबची सर्वोत्तम क्रमवारी होती 116 आणि माइकची 246. म्हणजे एकेरीच्या पहिल्या शंभरात दोघांपैकी एकही कधी आला नाही, आणि तरी पुरुष दुहेरीत त्यांच्याइतकं यश दुसऱ्या कुठल्याच जोडीला मिळालेलं नाही. कारण दुहेरीत मागितलं जातं तेच वेगळं. कोर्टाची रुंदी 8.23 मीटरवरून 10.97 मीटर होते, पण ती अडवायला समोर दोघं असतात, त्यातला एक नेटवर. एकेरीत सुरक्षित असणारा उंच, मधोमध परतवलेला चेंडू इथे थेट नेटवरच्या माणसाच्या रॅकेटवर जातो. म्हणून लागतो तो पायाशी पडणारा खालचा रिटर्न, सर्व्हिसनंतरची पहिली व्हॉली (चेंडू टप्पा पडण्याआधीच परतवणं), नेटवरच्या माणसाच्या डोक्यावरून जाणारा अचूक लॉब आणि जोडीदार कधी आडवा धावणार हे ओळखून मागची जागा भरण्याची सवय. तुम्ही लिहिलंय की त्याला कोर्टाच्या मागच्या रेषेवर, बेसलाइनवर, कंटाळा येतो आणि नेटवर उभं राहिलं की तो ‘जागा होतो’. ही गोष्ट मला त्या दोन अंतिम फेऱ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. ज्युनिअर स्पर्धांत दुहेरीचा ड्रॉ, म्हणजे स्पर्धेत उतरलेल्या जोड्यांचा गट, बऱ्याचदा कच्चा असतो, त्यामुळे नुसत्या निकालावरून फार काही ठरवता येत नाही.

तेव्हा करिअर आहे, आणि सन्मानाचं आहे. तरीही प्रशिक्षकांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही.

दुहेरीत नाव कमावलेले बहुतेक खेळाडू 17व्या वर्षी एकेरीच खेळत होते. रोहन बोपण्णा एकेरीत 213व्या क्रमांकापर्यंत गेला आणि मग दुहेरीत स्थिरावला. सानिया मिर्झा एकेरीत 27व्या क्रमांकावर पोहोचली होती. दुखापतींनी, विशेषतः मनगटाने, साथ सोडल्यावर तिने सगळं लक्ष दुहेरीवर दिलं आणि एप्रिल 2015 मध्ये ती जगात पहिली झाली. अर्जेंटिनाचा होरासिओ झेबालोस एकेरीत 39वा होता. अपवाद म्हणून जेमी मरेचं नाव तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. एकेरीत तो पहिल्या 800 मध्येही आला नाही, 2007 मध्ये येलेना यांकोविचबरोबर विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकला आणि 2016 मध्ये दुहेरीचा अव्वल खेळाडू झाला. उदाहरण खरं आहे. पण 17 वर्षांच्या मुलाचा बेत अपवादावर बांधू नये.

यामागचं कारण नियमांतच आहे, आणि ते नीट समजून घ्या, कारण तुमचा निर्णय इथेच ठरणार आहे. व्यावसायिक दुहेरीत प्रवेश जोडीला मिळतो. दोघांच्या क्रमवारीची बेरीज करतात, ज्यांची बेरीज कमी ते आत. एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना, तिच्या नेहमीच्या स्पर्धेत दुहेरीचा ड्रॉ बहुतेकदा फक्त 16 जोड्यांचा असतो. ग्रँडस्लॅममध्ये तो 64 जोड्यांचा असतो, आणि तिथे थेट प्रवेशासाठी दोघंही पहिल्या शंभरात, खरं तर शंभरच्या बरेच आत असावे लागतात. आता मेख अशी की एटीपी दौऱ्यावर या बेरजेत एकेरीची क्रमवारीही चालते. एकेरीत तिसावा असलेला खेळाडू दुहेरी फारशी खेळत नसला तरी ती क्रमवारी वापरून आत येतो, आणि वर्षभर केवळ दुहेरी खेळणारी एखादी जोडी बाहेर राहते. खालच्या पायरीवर तुमच्या मुलाला हाच नियम उपयोगी पडेल. एकेरीचे थोडे गुण हाती असले तर प्रवेश सोपा होतो आणि बरा जोडीदार मिळतो. एकेरी सोडली तर सुरुवातीचा हा आधार आपणच काढून टाकल्यासारखं होईल. शिवाय आयटीएफच्या ज्युनिअर क्रमवारीत दुहेरीच्या गुणांचा केवळ पाव भाग धरला जातो. नुसत्या दुहेरीवर त्याला मोठ्या ज्युनिअर स्पर्धांत शिरणंच अवघड जाईल.

आता पैसा. बाबांची काळजी रास्त आहे, तिला उडवून लावू नका. 2025 च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला 50 लाख डॉलर मिळाले आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला 10 लाख, म्हणजे प्रत्येकी 5 लाख. हे शिखरावरचे आकडे. तळाला एम15 नावाच्या स्पर्धा असतात, ज्यांची एकूण बक्षीस रक्कम 15,000 डॉलर असते. तिथे दुहेरी जिंकणाऱ्या जोडीच्या हाती हजार डॉलरसुद्धा येत नाहीत, आणि तेही दोघांत वाटायचे. प्रवास, हॉटेल, रॅकेटच्या तारा, फिजिओ हा सगळा खर्च खेळाडूचा. या स्पर्धांच्या वरची, पण मुख्य एटीपी दौऱ्याच्या खालची चॅलेंजर पातळीही दुहेरीवाल्याला क्वचितच फायद्यात ठेवते. 2024 पासून एटीपीने किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली, पण ती एकेरीतल्या पहिल्या 250 खेळाडूंसाठी आहे. नुसती दुहेरी खेळणाऱ्याला असा आधार नाही. म्हणून पहिली काही वर्षं घरातून पैसे जाणार असं धरूनच चला. किती वर्षं आणि किती पैसे, हे तुम्ही तिघांनी एकत्र बसून आधीच ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. हे न ठरवताच पुढे गेलेल्या घरांत नंतर मुलगा हरला की प्रत्येक पराभव पैशांत मोजला जातो, आणि त्या ओझ्याखाली कुणालाच नीट खेळता येत नाही.

दुहेरीचं स्थान आयोजकांच्या मर्जीवरही हलतं. 2025 मध्ये अमेरिकन ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात नेली, फक्त 16 जोड्या ठेवल्या आणि त्या मुख्यतः एकेरीतल्या मोठ्या नावांनी भरल्या. आदल्या वर्षीचे विजेते सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी यांनाही वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, यावं लागलं. त्यांनी अंतिम फेरीत इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना हरवून विजेतेपद राखलं, आणि दुहेरी हे स्वतंत्र कौशल्य आहे हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं. मला त्या विजयाचा मनापासून आनंद झाला. पण नियम बदलण्याची ताकद खेळाडूच्या हातात नसते, एवढं तुमच्या मुलाला माहीत असू द्या.

जमेची मोठी बाजू म्हणजे वय. एकटं मैदान व्यापायचं नसल्यामुळे शरीर जास्त टिकतं. बोपण्णाने पहिलं ग्रँडस्लॅम, 2017 च्या फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी, 37व्या वर्षी जिंकलं. पुरुष दुहेरीतलं पहिलं 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मॅथ्यू एबडेनबरोबर, 43व्या वर्षी, आणि त्याच स्पर्धेनंतर तो पहिल्यांदा अव्वल क्रमांकावर गेला. झेबालोस आणि मार्सेल ग्रानोयेर्स 2019 पासून एकत्र खेळत होते, ग्रँडस्लॅमच्या तीन अंतिम फेऱ्या हरले, आणि 2025 मध्ये फ्रेंच आणि अमेरिकन अशा दोन्ही ओपन जिंकले. तेव्हा 17व्या वर्षी घाई करण्याचं कारणच नाही. या वाटेवर उशीर झाला असं म्हणायची वेळ फार नंतर येते.

अभ्यास की टेनिस, हा घरातला वादही याच कारणाने सुटू शकतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या टेनिसचा गंभीरपणे विचार करा. तिथे दोन संघांच्या लढतीत तीन दुहेरी सामने असतात. त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो, आणि सहा एकेरी सामन्यांचे सहा गुण. म्हणजे दुहेरीचा सराव हंगामभर, संघाच्या गरजेपोटी होतो. ब्रायन बंधू स्टॅनफर्डचे. 2025 मध्ये विम्बल्डन जिंकलेले ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल हे दोघंही अमेरिकन विद्यापीठांतून आलेले. 1936 नंतर तिथे पुरुष दुहेरी जिंकणारी ती पहिली पूर्ण ब्रिटिश जोडी. 2024 चा विजेता हेन्री पॅटनही तसाच, आणि त्याने तर एकेकाळी विम्बल्डनमध्येच सामन्यांची आकडेवारी नोंदवण्याचं काम केलं होतं. पदवी हातात असताना 22-23 व्या वर्षी दौऱ्यावर उतरणं दुहेरीत मुळीच उशिराचं नाही. मात्र तिथले प्रशिक्षक खेळाडू निवडताना आधी त्याची एकेरी बघतात. आणि शाळा संपल्यावर किती काळात प्रवेश घ्यावा लागतो, बक्षिसाची रक्कम स्वीकारली तर पात्रतेवर काय परिणाम होतो, हे नियम बदलत असतात. ते त्या त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या, ऐकीव माहितीवर राहू नका.

पुढच्या दोन वर्षांसाठी मी प्रशिक्षकांना एवढंच सुचवेन की एकेरीच्या स्पर्धा चालू ठेवा, पण आठवड्यातली दोन सत्रं निव्वळ दुहेरीची करा. त्यात सर्व्हिस आणि पहिली व्हॉली असावी, नेटवर माणूस उभा ठेवून रिटर्न असावेत, आणि 40-40 वरचा एकच निर्णायक गुण असावा. एटीपी दौऱ्यावर दुहेरीत अ‍ॅडव्हांटेज नसतो (40-40 नंतर दोन गुणांची आघाडी लागत नाही) आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो, त्यामुळे सामने दोन-तीन गुणांवर फिरतात. म्हणूनच एका स्पर्धेतल्या हारजितीवर मत बनवू नका, वर्षभराचा हिशेब बघा. कोर्टाच्या उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंनी त्याला खेळता आलं पाहिजे. एकाच बाजूचा खेळाडू निम्मे संभाव्य जोडीदार गमावतो.

एकेरी कधी सोडायची? विद्यापीठातून बाहेर पडल्यावर, किंवा ती वाट नको असेल तर साधारण 22व्या वर्षी, दोन्ही क्रमवाऱ्या शेजारी ठेवा. दुहेरीत तो चॅलेंजरच्या मुख्य ड्रॉमध्ये नियमित येत असेल आणि एकेरी तिथपर्यंत पोहोचत नसेल, तर निर्णय आपोआप समोर येईल. दोन्हीकडे हालचाल नसेल, तर प्रशिक्षण, विद्यापीठ संघाचं काम, क्रीडा विश्लेषण अशा वाटा आहेत, आणि चांगली दुहेरी खेळलेल्या माणसाला तिथे मागणी असते.

पत्राच्या शेवटी तुम्ही त्याच्या जोडीदाराबद्दल विचारलंय. दोघं लहानपणापासूनचे मित्र आहेत आणि त्या मुलाला आता फक्त एकेरी खेळायची आहे. त्याला थांबवू नका आणि तुमच्या मुलालाही गळ घालू देऊ नका. दुहेरीत क्रमवारीचे गुण प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या नावावर जमा होतात, त्यामुळे जोड्या बदलणं हा या व्यवसायाचा रोजचा भाग आहे. 2018 मध्ये बॉबच्या खुब्याला दुखापत झाली तेव्हा माइक ब्रायनने जॅक सॉकबरोबर विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकली, सख्ख्या जुळ्या भावाशिवाय. तेव्हा पुढच्या तीन-चार स्पर्धांत त्याला मुद्दाम वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर खेळू द्या, त्यातला एक तरी डावखुरा असू द्या. स्पर्धेच्या आधी अनोळखी मुलाला ‘माझ्याबरोबर खेळशील का’ असं विचारणं त्याने स्वतः करायचं, तुम्ही किंवा प्रशिक्षकांनी नाही. त्या स्पर्धा झाल्या की निकालांसकट मला पुन्हा लिहा, आणि या वेळी पत्राचा अर्धा भाग त्याला लिहू द्या.