तोच प्रसंग पुन्हा लिहायला लाजू नकोस

भावा, पहिलीच फॅनफिक्शन (म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन आपण लिहिलेली गोष्ट), आणि मूळ कथेतला प्रसंग घेतला तर लोक कॉपी म्हणतील ही धास्ती? सोड ती. रंकाळ्यावर आपण रोज जातो. तळं तेच, गप्पा वेगळ्या. ओळखीच्या प्रसंगात जागा, माणसं, मागचं भांडण, काहीच समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळं तू काय बदललंस ते वाचकाला लगेच दिसतं.

शेरलॉक होम्सचं घे. १८९३ च्या कथेत तो त्याचा शत्रू मोरियार्टीसोबत रायशेनबाख धबधब्यात पडला असं त्याचा डॉक्टर मित्र वॉटसन सांगतो. पण वॉटसननं ते पाहिलेलंच नाही! आजारी बाईला डॉक्टर हवाय अशा खोट्या चिठ्ठीनं त्याला हॉटेलवर परत पाठवलेलं. चिठ्ठी आणणारा स्विस पोरगा मात्र होम्सपाशी थांबला, आणि नंतर गायब. त्या पोराला काय दिसलं? हीच तुझी फट. अशी फट सापडली की निम्मं काम झालं.

सुरुवातीच्या चुका सांगतो:
- मूळ संवाद जसेच्या तसे उतरवणं. ओळखीपुरती एक ओळ बास.
- सगळंच बदलणं. मग तो प्रसंग घेतलासच कशाला?
- पहिल्याच दमात कादंबरी. मी केलेला हा उद्योग, तिसऱ्या प्रकरणात गाडी चिखलात रुतली ती रुतलीच.

दोन कथांची सरमिसळ वगैरे नंतर बघू. आधी दोन पानं लिही आणि दाखव.